बद्द

अॅल्युमिनाचा पांढरा डोळा,
हरभऱ्यापेक्षा जरा मोठा.
एका पाळीत सोलापूर ते मोहोळ
इतकं सूत त्यातून धावतं.

अक्कलकोट रोडला, शेडमागच्या खोलीत,
मी त्याचे अडुसष्ट हजार तुकडे केलेत
स्क्रीनवर.
चादरीची नक्षी ग्राफवर चढवतात तसे,
घराला घर लागून, कोपऱ्यांना गाठी.
गाठ हलली की शेजारची हलते,
तिची शेजारीण,
असं करत ताण पोचतो आतल्या काठाशी
आणि तिथे लाल होतो.

दाबलं तर हा पोलादाला लाजवील.
ओढलं, की संपलं.
वाकत नाही, कुरकुरत नाही,
आधी सांगत नाही.
म्हणून पोलादाचं सूत्र इथे चालत नाही,
सगळ्यांत मोठा ताण कुठे, तेवढंच शोधायचं.
आणि तरी उत्तर येतं ते असं :
हजारात चार फुटतील.
कोणते चार, ते विचारू नका.

साडेतीनला लाइट गेली.
सत्त्याऐंशी टक्क्यांवर माझं गणित गेलं,
बाहेर बाराच्या बारा यंत्रं एकदम मुकी.
इतकी शांतता, की पत्रा तापल्याचं ऐकू येत होतं.

तेव्हा यादगिरीमामा उठले.
लूमनं त्यांचा डावा कान कधीच नेला,
उजवा ते अशा वेळेसाठी राखून ठेवतात.
रांगेतल्या एकेका डोळ्यावर
नखानं टिचकी.
टण्. टण्.
टण्.
बाजारात मडकं घेताना वाजवावं तसं.
टण्. टण्.
बद्द.

"चूडम्मा," म्हणाले,
आणि तो काढून माझ्या टेबलावर ठेवला.

मला काही दिसेना.
शाईत बुडवला, ओढणीनं पुसला,
तर केसाएवढी निळी रेघ.

"तुमचं ते लाल कुठं होतं?"
मी काठावर बोट ठेवलं.
मामांनी चष्मा वर केला, रेघ बघितली,
माझं बोट बघितलं,
बोलले काहीच नाहीत.

भेग लालात नव्हती.
पार पलीकडे होती, पाठीला,
जिथे काही होणार नाही
असं मी कालच लिहून दिलं होतं.

लाइट आली. यंत्रं सुरू झाली,
मामा परत बहिरे झाले.
मी गणित पहिल्यापासून लावलं
आणि टक्के वाढेपर्यंत
तो डोळा नखानं वाजवत बसले.
ऐकू येत नव्हतं.