एकेचाळीस मासे

बडोद्याला समुद्र नाही.
विश्वामित्री आहे, तिच्यात मगरी आहेत,
म्हणजे पाय बुडवायचीही सोय नाही.
पण सिंधरोटला मही वाहते,
आणि इकडची माणसं तिला महीसागर म्हणतात.
नावापुरता का होईना, सागर.
तेवढ्यावर भागवायचं ठरवलं.

पहाटे साडेपाचला जयंतीभाईच्या रिक्षातून
मी उतरले आणि दोन बादल्या उतरल्या.
"आमां शुं छे, बेन?"
"मासे."
त्याने पाय वर घेतले.
"मातीचे," म्हटल्यावर हसला,
पण पाय खाली घेतले नाहीत.

दांडिया बाजारच्या बँकेत
एकतीस वर्षं कॅशवर बसले होते मी,
मोजल्याशिवाय हातातून काही सुटत नाही.
एकेचाळीस.
प्रत्येकाच्या पोटावर काडीने आकडा,
पाठीवर माझ्या अंगठ्याच्या नखाचे खवले,
झिलई निळी, काहींची भट्टीत हिरवी पडलेली.
सतरा नंबरचा डोळा ओघळून गालावर आलेला.
तोही आणला. तशी माणसंही असतात.

फार खोल पुरला तर दफन होतं,
फार वर ठेवला तर दान.
मी शेपटीचं टोक तेवढं उघडं ठेवत गेले:
बाभळीच्या मुळात, कुणाच्या तुटक्या चपलेत,
उलट्या घातलेल्या होडीखाली,
'पाण्यात उतरू नये' या पाटीच्या पायथ्याशी.
पाटीच्या अलीकडे. नियम मी पाळते.

नऊला सगळे सुटले.
सापडेल त्याचा, एकाला एक.
"मळी गई! मळी गई!"
फत्तेगंजचे दोघे कॉलेजवाले
भर उन्हात मोबाइलचा टॉर्च लावून.
फणसे वहिनींनी छत्रीच्या टोकाने
अर्धा काठ नांगरला,
आणि त्यांना नेमका सतरा नंबर लागला.
बराच वेळ उलटसुलट करून पाहिला.
"थेट आमचे मोठे दीर," म्हणाल्या,
आणि पदरात बांधून घेऊन गेल्या.

मासे कुणाचे ते मी सांगितलं नव्हतं,
म्हणून मलाही शोधावं लागलं.
स्वतःच लपवलेलं शोधताना
नजर कुठे ठेवावी कळत नाही,
जिथे आहे तिथून ती आधी घसरते.

बारापर्यंत सदतीस गेले.
तीन नदीने नेले, वरून पाणी सोडलं असावं.
राहिला नऊ नंबर, होडीखालचा.
गुडघे धरून वाकले
तर तिथे नऊ नंबर नव्हता.
दुसराच कोणी होता.
काठच्या चिखलाचा, अजून ओला.
डोळ्यांच्या जागी सुक्या मक्याचे दोन दाणे.
खवले नखाचेच,
पण नख माझ्याहून बारीक.
पोटावर आकडा नाही,
नुसती एक उभी रेघ.

पलीकडे मकाईच्या गाडीमागे
एक मुलगी शेगडीला वारा घालत होती.
माझ्याकडे बघत नव्हती.
इतकं न बघणं सहज जमत नाही.
तिच्या फ्रॉकचा खिसा एका बाजूला ओढलेला.
शेगडी पेटवायला पहाटे
कुणीतरी येत असणार,
हे माझ्या हिशोबात नव्हतं.

सापडेल त्याचा.
ओरडायचं होतं मलाही, मळी गई,
घसा कोरडा.
एक मकाई घेतली. लिंबू जास्त लाव, म्हटलं.
तिने लावलं, पैसे मोजून घेतले, दोनदा.

घरी रजिस्टर काढलं.
गेले एकेचाळीस, आला एक.
पुढच्या रकान्यात आकडा लिहायचा असतो,
तिथे एक उभी रेघ ओढली.

भट्टीत घातला तर फुटेल, आत हवा राहिलीय.
म्हणून खिडकीत तसाच ठेवला होता, ओलसर फडक्यावर,
चिरू नये इतकंच मनात.
आज सातवा दिवस.
डाव्या डोळ्याला कोंब आलाय,
पांढरा, वाकडा, उजेडाकडे मान केलेला.
पाणी घालावं तर मासा जातो.
न घालावं तर डोळा.
लोटी हातात घेऊन उभी आहे मघापासून.