लाईट नसते हो

वडगावात आमच्या गल्लीत
साडेसहाला एकच माग थांबतो.
अप्पा बटण दाबतात, कपाळ पुसतात,
मला म्हणतात, "हं."

अर्धा तास. आई तो इंचांनी मोजते:
एवढा काठ, एवढा पदर
माझ्या फुंकरीत गेला.
मोजते, आणि दार लोटून घेते,
शेजारचा खडखडाट आत येऊ नये म्हणून.

शहापूरचे मुरगोड सर शनिवारी
तिसऱ्या भोकावरचं माझं बोट
जरासं सरकवतात.
कन्नडात म्हणतात, उसिरु. म्हणजे श्वास.
मला पहिल्यांदा उसासा ऐकू आलं
आणि मी खरंच एक सोडला.
"अदे," सर म्हणाले. तेच.

तीन आठवडे नुसती हवा.
पेरांवर भोकांचे गोल वळ.
धाकटा नागेश विचारतो, बाटली फुंकतेस काय?

व्यापारी विचारतो, माल उशिरा का?
अप्पा म्हणतात, लाईट नसते हो संध्याकाळी.

काल तो तगाद्याला नेमका तेव्हाच आला.
सा लागला होता. हलत होता,
पण लागला होता.
तो उंबऱ्याशी थबकला,
वर जळत्या बल्बकडे बघितलं,
आणि बाहेर जाऊन
गाडीवर बसून राहिला
सात वाजेपर्यंत.