भाड्याने दिलेला हात

अकरा दिवसांसाठी हात भाड्याने गेला.
उजवा. बीचच्या लाकडाचा, कोपरात पोलादी स्प्रिंग,
लष्करी दवाखान्यातून सही करून आणलेला.
वाइसेनझेच्या काचेच्या स्टुडिओतला माणूस म्हणाला,
आमचा कृत्रिम मनुष्य नुसता पुठ्ठ्याचा दिसतो,
त्याला एक खरा खोटा हात हवा.

खरा खोटा!
क्लेमेन्स हसला,
मग पट्टे सोडवायला त्याने खांदा माझ्याकडे केला.

आमचं हातावर पोट,
आणि हातच गेला कामाला.
तो घरी, बाही टाचणीने दुमडून, खिडकीशी.
संध्याकाळी विचारायचा, आज काय केलं त्याने?
पोरगं शाळेत गेल्यासारखं.

मी तिथे शिवणकामाला, म्हणून मला ठाऊक:
तिसऱ्या दिवशी त्याने काचेची बरणी फोडली.
पाचव्या दिवशी त्याला रुपेरी रंग फासला.
नट ट्राम्पेनाउचा धडधाकट हात
मी रोज छातीशी आवळून बांधायची, वरून चिलखत.
कोळसा नसलेल्या त्या काचघरातही तो घामाने निथळे,
आणि नाक खाजलं की
लाकडी बोटं वर नेऊन अर्ध्यात थबके.
दिग्दर्शक ओरडे: हेच! हेच ठेवा!

मार्चमध्ये मोआबिटच्या थिएटरात पाहिलं आम्ही.
रात्र निळ्या रंगात बुडवलेली,
पियानोवाला पेंगत दोन सूर मागे.
प्राध्यापकाने कळ दाबली,
पडद्यावर पाटी आली: "ऊठ."
तो उठला. दिव्यापाशी गेला.
आणि मूठ उघडली,
एकेक बोट, सावकाश,
करंगळी सगळ्यात शेवटी.

शेजारी क्लेमेन्सचा श्वास अडकला.
घरी पाच वर्षांत ती मूठ उघडली नव्हती.
तेल घातलं, शिव्या घातल्या,
एकदा ख्रिसमसच्या रात्री भिंतीवर आपटली.
"येत होतं त्याला," तो म्हणाला,
"माझ्याकडेच येत नव्हतं."

चौकटीबाहेर, गुडघ्यांवर बसून
दोरी मी ओढत होते.
काळी, मेणाची, पाच पदरी.
सांगायला तोंड उघडलं
तेवढ्यात मागची बाई म्हणाली, शूऽऽ,
जणू पडद्यावरचा ऐकेल.

हात परत आलाय. नखांत रुपेरी रंग,
तो खरवडू देत नाही.
जेवण झालं की टेबलावर ठेवतो, दिवा जवळ ओढतो
आणि बघत बसतो.
मी भांडी घासते, जरा जास्तच वेळ.
दोरी माझ्या शिवणाच्या डब्यात आहे,
बटणांच्या खाली.