दोनशे तेरा

तेलावीत फुगे विकणं सोडलं
त्याला तीन वर्षं झाली.
नवरदेवांचे बाप अजून घासाघीस करतात :
"प्लास्टिक नाही, आतषबाजी नाही,
मग पैसे कशाचे घेतेस, नातेला?"

धुण्याचे, म्हणते मी.

एलिसोच्या लग्नाला
अख्ख्या गल्लीतून ताटल्या मागून आणल्या,
पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका,
लाल झाइराकडची, जांभळी बेकरीवाल्याची.
दोनशे बारा.

दुसऱ्या पहाटे
कोपरापर्यंत हात कढत पाण्यात,
द्राक्षवेलींवर अजून धुकं,
आणि मोजल्या तर दोनशे तेरा.

काठावर निळी नक्षी, पाठ कोरी.
दारोदार विचारलं.
झाइरा म्हणाली, ठेव, खायला थोडीच मागते ती.

खर्चात लिहू की जमेत?
वही तशीच मिटली.
पुढच्या लग्नाच्या हिशेबात मात्र
एक पान जास्त धरलंय.