पुंगळ्यांचा हिशेब

एस्पान्योलाच्या फाट्यावर, टायरच्या दुकानामागं
मंगळवारी दुपारी आमची व्हॅन लागते.
पलीकडं कोरडा ओढा, चामिसाची पिवळी झुडपं.
झुडपांआडून माणसं आधी व्हॅन बघतात,
मग व्हॅनमागं आणखी कुणी उभं आहे का ते,
मग येतात.

एलिसेओ रस्त्याच्या मधोमध चालत आला.
व्हॅनला पाठ टेकून उभा राहिला, नजर दोन्ही टोकांना,
हातात कॉफीचा डबा, झाकणाला चिकटपट्टी.
मी म्हटलं, "त्या लाल पेटीत टाका थेट.
मोजायची गरज नाही, आम्ही अंदाज बांधतो."
"मोजून आणल्यात. सेहेचाळीस," तो म्हणाला.
टाकल्या. आणि थांबून राहिला.

तो कशाची वाट बघतोय
हे कळायला मला वेळ लागला, लागायला नको होता.
आम्ही एकाच लष्करातले, वेगवेगळ्या सालचे.
गोळीबार संपला की मैदानावर गुडघे टेकून
पुंगळ्या वेचायच्या. जितक्या झाडल्या तितक्या जमा.
एक कमी भरली
की अख्खी तुकडी अंधार पडेस्तोवर वाळू चाळायची.
मी औषधांच्या तंबूतली, पण चाळलीय मीही.

कागद फाडला. लिहिलं: जमा, सेहेचाळीस.
खाली सही. सहीखाली माझा हुद्दा,
नऊ वर्षांत पहिल्यांदा.
त्यानं घडी घालून खिशात ठेवला, छातीकडच्या.

देशसेवेबद्दल आभार मी मानले नाहीत.
ते पेट्रोल पंपावर मिळतात, नोव्हेंबरात एक दिवस,
फुकटच्या डोनटबरोबर.
कोरी सुई मिळत नाही तिथं.
माजी सैनिकांचं इस्पितळ नव्वद मैलांवर,
आणि तिथल्या अर्जात एक चौकट आहे,
तिच्यात खरं लिहिलं तर पेन्शन जातं
असं त्याला कुणीतरी सांगितलेलं.
मी म्हटलं, तसं नसावं.
"नसावं," तो म्हणाला. माझाच शब्द, माझ्याच हातात परत.

तिसऱ्या मंगळवारी त्यानं दुप्पट मागितल्या.
"फिदेन्सिओसाठी. वर, ट्रेलरमध्ये राहतो.
तो येणार नाही.
त्याच्या दारात हॉर्न वाजवायचा नाही,
दोनदा शीळ घालायची, मग नाव सांगायचं."
मी दुप्पट दिल्या, नाकात मारायच्या नालोक्सोनच्या दोन डब्या दिल्या.
"एक माझी, एक त्याची?"
"तुझी त्याच्याजवळ ठेव, त्याची तुझ्याजवळ.
श्वास थांबला की स्वतःचं औषध स्वतःला देता येत नाही."
त्यानं डबी उलटसुलट करून पाहिली.
"म्हणजे पहारा," म्हणाला.

फेब्रुवारीत दोन डबे घेऊन आला. दाढी वाढलेली.
"एकशे बारा न्यायला होत्या.
एकशे अकरा आहेत."
"चालतं, एलिसेओ."
"चालत नाही. त्याच्या पायऱ्यांपाशी पडलीय, बर्फात.
रविवारी त्याची नात येते."
दोन रात्री टॉर्च घेऊन शोधत होता.
बोटांची टोकं फुटलेली.

चार वाजताच दार ओढून घेतलं.
फलकावर लिहिलं: लवकर बंद, माफ करा.
चिमटे, जाड हातमोजे, लाल पेटी,
आणि वर जाणारा वळणांचा रस्ता.
मी दोनदा शीळ घातली. वाईट जमली.
आतून हसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

फिदेन्सिओ वरच्या पायरीवर बसला, एक पाय खाली सोडून,
दुसऱ्याच्या जागी पँटची गाठ.
टॉर्च त्याच्या हातात, हुकूमही त्याचेच:
डावीकडं. अजून डावीकडं. बाई, तुम्ही पाण्याच्या टाकीखाली बघा.
आम्ही दोघं चार पायांवर, पिन्यॉनच्या धुरात,
सुईच्या अग्राएवढीही जागा न सोडता.

सापडली नाही.
सहा वाजता बर्फ पुन्हा कडक झाला.
मी पायऱ्यांभोवती दोरी बांधली,
नातीला मागच्या दारानं आणायला सांगितलं,
जमा लिहिलं: एकशे अकरा. बाकी: एक.
कागद फिदेन्सिओनं मागून घेतला,
टॉर्चच्या उजेडात बराच वेळ वाचला,
ती एक ओळ.

"बाकी आहे अजून," तो म्हणाला,
"म्हणजे पुढच्या मंगळवारी यावं लागेल तुम्हाला."