नमुना

तुर्भ्याच्या गोदामात, शेड सहा.
तीनपदरी कागदाची गोणी, पंचवीस किलो,
वर हिरवी टेकडी, टेकडीवर एकच गाय.
मी कोपऱ्यात चीर देते,
लांब दांड्याचा चमचा खुपसते.
दोनशे ग्रॅम, पिशवी, सील, सही : कुंदा भोईर.
वास येत नाही.

परवा मुरबाडहून भिवामामाचा फोन :
संकलनवाल्याने कॅन परत धाडला,
म्हणाला, पावडर स्वस्त पडते.
म्हशीला सांगून बघ, मी म्हटलं,
थोडं स्वस्तात दे म्हणावं.
मामा हसला. मग बोललाच नाही,
फोन खांद्याशी धरून धार काढत राहिला :
आधी पातेल्याचा पत्रा वाजला,
मग हळूहळू दूधच दुधावर.

आज जेवणाच्या सुट्टीत
चमच्यात उरलेलं कोमट पाण्यात ढवळलं,
झाकून ठेवलं.
दोनपर्यंत साय धरली नाही.
धरणार नव्हतीच, अहवालात मीच लिहिते :
स्निग्धांश एक टक्क्याच्या आत.
देशाचं नाव टाइप करताना
दर वेळी एक अक्षर चुकतं.

संध्याकाळी एसटीच्या कंडक्टरकडून मामाचा डबा आला.
धाकटी व्यायली. खरवस.
कडीला बांधलेली चिठ्ठी :
डबा रिकामा पाठवू नकोस.

धुऊन पालथा घातलाय.
काय भरू?