झोपेचा नियम

नव्या मोंढ्यात, बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत
दर रविवारी आम्ही एक राज्य मांडतो.
खाली सरकीचा वास, वर ड्रॅगन.
नियमांचं पुस्तक झेरॉक्स, पान बेचाळीस गायब.
वीस पैलूंचा फासा एकच, तोही टवका उडालेला,
त्यामुळे एकोणीस जरा जास्तच पडतो
आणि त्याला कुणी जादू म्हणत नाही.

वैजनाथ रोलिंग मिलमध्ये. त्याचा सरदार पोलादी.
पहिल्याच दिवशी त्यानं तलवारीचं वजन विचारलं.
पुस्तकात होतं: दीड किलो.
"बरं. पर हिला पाणी कशात दिलं?
नुसतं हिरीच्या पाण्यात दिलं आसंल
तर पहिल्या वारालाच तडकंल."
खेळ चालवणारा मी. घाबरून म्हणालो, तेलात.

ड्रॅगन उडतो, ते त्याला चाललं.
चेटकीण भिंतीतून आरपार जाते, चाललं.
मेलेला राजा जकातीचा हिशेब मागतो, तेही.
अडला तो पान एकसष्टवर:
रात्रभर झोप घेतल्यास सर्व जखमा भरून येतात.

"सगळ्या?"
त्यानं बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत
चकाकती, ताणलेली कातडी, जालन्याच्या उन्हातही न घामेजणारी.
"ह्याला चार महिने लागले. 
कामून खोटं लिव्हता?"

मी खोडरबर शोधू लागलो.
एका रात्रीला एक गुण, भाजलं असेल तर अर्धा,
असं काहीतरी मनात जुळवत होतो,

तेव्हा तबस्सुम बोलली. खेळात ती वैद्यीण,
बाहेरही जवळपास तेच: सरकारी दवाखाना, ड्रेसिंगचं टेबल.
"आठवडाभर मी पट्ट्या सोडवते. चिकटलेल्या.
सलाईन टाकून, हळूहळू. तरी माणूस ओरडतोच.
इथं मी नुसता हात ठेवते.
तेवढं राहू दे ना."

खाली दुकानाचं शटर पडलं.
वैजनाथनं बाही खाली घेतली, बटण लावलं,
बटण लावायला त्याला वेळ लागतो.
"बरं. पर झोप आठ तासांची पाहिजे. सलग."
सलग, मी पेन्सिलनं लिहिलं.

साडेनऊला तो उठला, डबा घेतला. नाईट होती.
जाताना सरदाराला टेबलावर आडवं केलं
थम्सअपच्या बुचाशेजारी, जिथं आमची शेकोटी असते.
"उठवू नका," म्हणाला.

एमआयडीसीकडचं आभाळ रात्रभर तांबडं होतं.